जुनं ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करायचंय? आधी त्याला थंड करा

मे महिन्यात भर दुपारी फोन चार्जिंगला लावून गेम खेळून बघा. थोड्याच वेळात फोनची मागची बाजू चटके देते आणि गेम अडकायला लागतो. फोन बिघडलेला नसतो. स्वतःला वाचवण्यासाठी तो प्रोसेसरचा वेग कमी करत असतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. पीसीमधल्या ग्राफिक्स कार्डाचंही असंच असतं, फक्त कार्ड उघडून आपण त्यावर इलाज करू शकतो.

माझं कार्ड जीटीएक्स १०६०, ६ जीबीवालं. एनव्हिडियाने हे जुलै २०१६ मध्ये आणलं, मी सेकंडहँड घेतलं. धाकट्या भावाला गेम ६० एफपीएसला हवे होते आणि नव्या कार्डाचं नाव घरात काढायची सोय नव्हती. म्हणून एमएसआय आफ्टरबर्नर उघडलं, कोअर क्लॉकचा स्लायडर +१०० वर नेला. एफपीएस जवळपास तेवढेच! तापमान बघितलं तर ८३ अंश.

इथेच खरी गोम आहे. या कार्डाचा अधिकृत बूस्ट क्लॉक १७०८ मेगाहर्ट्झ आहे. पण कार्ड थंड असेल आणि वीज पुरेशी मिळत असेल, तर ते आपणहून १९०० च्या आसपास जातं. तापमान वाढलं की साधारण १३-१३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली उतरतं, आणि ८३ अंशांची मर्यादा गाठली की आणखी जोरात. म्हणजे मी वर ढकलत होतो आणि कार्ड खाली येत होतं. शिवाय चिप गरम असली की तिच्यातून वाया जाणारा करंटही वाढतो, त्यामुळे तेवढ्याच कामाला जास्त वॅट लागतात.

मोजताना एक चूक सगळे करतात. एअर कूलिंग कार्डाला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. खोली ३५ अंश आणि कार्ड ७०, किंवा खोली २२ आणि कार्ड ५८. दुसरं भारी वाटतं ना? पण फरक काढा, पहिल्यात ३५ आणि दुसऱ्यात ३६. म्हणून खोलीचं तापमान लिहून ठेवल्याशिवाय आधी-नंतरची तुलना करूच नका.

पहिली चाचणी फुकटची आहे. कॅबिनेटचं साइड पॅनल काढा आणि तोच गेम पुन्हा चालवा. माझं तापमान ६ अंशांनी उतरलं. याचा अर्थ कार्डाला गार हवाच मिळत नव्हती. पुढच्या बाजूला हवा आत ओढणारा १२० मिमीचा एक फॅन बसवला. धूळ काढताना मात्र फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरने ते सुसाट फिरलं तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

मग थर्मल पेस्ट. चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या बारीक फटींत हवा राहते आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. पेस्ट त्या फटी भरते. माझ्या कार्डातली वाळून खडू झाली होती. उघडण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट करा, मग पीसी बंद करून, वायर काढून कार्ड बाहेर घ्या. हीटसिंक सरळ ओढायचा नाही, हलकासा पिळून सोडवायचा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि चार स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा.

इथे मी माती खाल्ली. मेमरीवरचा एक थर्मल पॅड फाटला होता. घरात पडलेला दुसरा लावला, पण तो जाड निघाला. हीटसिंक एका बाजूने उचलला गेला आणि चिपला नीट टेकेना. गेम सुरू करताच एका मिनिटात ९० अंश! नशीब, लगेच बंद केला. पॅड मूळ जाडीचाच हवा. अर्ध्या मिलिमीटरनेही फरक पडतो, मोजूनच मागवा.

योग्य पॅड आल्यावर तापमान ७० वर आलं. मग कार्डाचे मूळ दोन फॅन प्लास्टिकच्या आवरणासकट काढले आणि हीटसिंकवर १२० मिमीचे दोन फॅन झिपटायने बांधले. दिसतं जुगाडू, पण मोठा फॅन कमी आरपीएमवर तेवढीच हवा देतो आणि आवाज कमी करतो. हे फॅन मदरबोर्डला जोडलेत, म्हणून ते सीपीयूच्या तापमानावर चालतात. फॅनकंट्रोल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने त्यांना जीपीयूच्या तापमानाशी बांधा, नाहीतर कार्ड तापेल आणि फॅन झोपलेले असतील.

आता ६३ अंश, खोली तेवढीच गरम. मग कोअर २५-२५ ने वाढवत गेलो आणि दरवेळी युनिजिन हेवन अर्धा तास चालवलं. +१५० ला स्क्रीन काळी होऊन ड्रायव्हर पडला, म्हणून +११५ वर थांबलो. क्लॉक २००० च्या जरा वर टिकतो. मेमरीत एक फसवणूक आहे: जीडीडीआर५ चुका पकडून डेटा पुन्हा पाठवू शकते, त्यामुळे जास्त ताणली तरी क्रॅश होईलच असं नाही, उलट एफपीएस गुपचूप कमी होतात. आकडा घसरायला लागला की मागे या.

भावाच्या गेममध्ये ५६ चे ६४ झाले. यातला निम्मा फायदा स्लायडरला हात लावायच्या आधीच, नुसत्या थंडाव्यातून मिळाला होता. आफ्टरबर्नरमधलं ‘विंडोज सुरू होताच लागू करा’ हे बटण मी आठवडाभर बंदच ठेवलं, म्हणजे काही बिघडलं तर रीस्टार्ट केलं की कार्ड मूळ सेटिंगवर.