सिंगापूरचे वार्तापत्र : स्वतःच्याच पैशाला पोलिसांचा अटकाव

सिंगापूर : इथल्या पोलिसांना जुलै 2025 पासून मिळालेला एक अधिकार जालन्याच्या वाचकांना पचायला जड जाईल. माणूस भामट्याच्या नादी लागून पैसे पाठवतो आहे अशी खात्री पटली आणि तो घरच्यांचे, बँकेचे, कुणाचेच ऐकेना, तर त्याच्याच खात्यातून पैसे बाहेर जाणे पोलीस 30 दिवस रोखू शकतात. मुदत वाढवताही येते. घरखर्चापुरते मात्र काढू देतात.

व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने यावर टीका झाली. मला हा कायदा योग्य वाटतो. 2024 मध्ये या चिमुकल्या देशातल्या लोकांनी फसवणुकीत सुमारे 1.1 अब्ज सिंगापूर डॉलर गमावले आणि त्यातला जवळपास चौथा हिस्सा क्रिप्टोचा होता. बहुतेकांनी पैसे स्वतःच्या हाताने पाठवले होते. बँकेतून बँकेत गेलेली रक्कम वेळीच गोठवता येते. कॉइन परक्या वॉलेटमध्ये गेले की दाद मागायला ना शाखा, ना मॅनेजर. म्हणून इथे सगळा भर आधीच्या पावलावर आहे. सर्वसामान्यांसाठी क्रिप्टोची जाहिरात करायला जानेवारी 2022 पासूनच बंदी आहे. फसवणूकविरोधी केंद्रात बँकांचे कर्मचारी पोलिसांच्या शेजारी बसतात, त्यामुळे खाते गोठवायला पत्रव्यवहारात दिवस जात नाहीत.

आपल्याकडे फसवणुकीचा चेहरा वेगळा, हेही सांगायला हवे. सिंगापूरचा कायदा फोन-इंटरनेटवरून होणाऱ्या फसवणुकीपुरता आहे. मराठवाड्यात योजना येते ती पाहुण्यारावळ्यांतून, हॉटेलातल्या सेमिनारमधून, ‘मी टाकले, तूही टाक’ म्हणणाऱ्या मित्राकडून. जानेवारी 2023 मध्ये जालन्यात क्रिप्टोच्या व्यवहारावरून फसवणुकीच्या आणि धमकावल्याच्या परस्परविरोधी तक्रारी पोलिसांत गेल्या, त्याही एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या. पुण्यात गाजलेल्या ‘गेनबिटकॉइन’ या क्रिप्टो योजनेने दरमहा 10 टक्के परताव्याचे, तेही 18 महिने, आमिष दाखवले होते. वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक देणारा कोणता धंदा आहे, हे बियाणे आणि पोलादाच्या व्यापारात मुरलेल्या जालन्याला कुणी शिकवायला नको. तरीही ओळखीचा माणूस सांगतो तेव्हा हिशेब मागे पडतो.

30 टक्के कर लागतो म्हणजे सरकारने क्रिप्टोला मान्यता दिली, असेही सर्रास सांगितले जाते. ते खोटे आहे. कर म्हणजे हमी नव्हे.

सायबर फसवणुकीची तक्रार करायला 1930 हा क्रमांक आपल्याकडे आहेच. फोन तातडीने गेला तर बँकेतली रक्कम अडवता येते. पण कापसाची पट्टी किंवा समृद्धी महामार्गाचा मोबदला खात्यात असलेला शेतकरी एकदम मोठी रक्कम अनोळखी खात्यावर पाठवायला येतो, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने ‘कशासाठी?’ एवढे विचारायला हवे. उत्तर क्रिप्टोचे निघाले तर बँकेने त्याच्या घरी आणि सायबर पोलिसांना फोन लावावा. जिल्ह्यातल्या बँका आणि पोलीस अधीक्षक एकत्र बसले तर एवढे नव्या कायद्याशिवायही ठरवू शकतील.