लेखनाचा पेपर: ९० मिनिटं, दोन उत्तरं

केंब्रिजच्या ‘सी१ ॲडव्हान्स्ड’ या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनासाठी दीड तास मिळतो. दोन उत्तरं, प्रत्येकी २२० ते २६० शब्दांची. पहिल्या भागातला निबंध सक्तीचा. दिलेल्या तीन मुद्द्यांपैकी दोनच घ्यायचे आणि त्यांतला कोणता अधिक महत्त्वाचा, हे कारणांसह सांगायचं. गफलत होते ती इथेच: तिन्ही मुद्दे कोंबले जातात आणि निवाडा द्यायचा राहून जातो. दुसऱ्या भागात पत्र, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण अशांपैकी तीन पर्याय, एक निवडा. आशय, वाचकाला साजेशी शैली, मांडणी आणि भाषा या चार निकषांवर प्रत्येकी पाचपैकी गुण मिळतात. त्यामुळे नुसते भारदस्त शब्द पाठ करू नका. घड्याळ लावून पूर्ण उत्तरं लिहा आणि जाणकाराकडून तपासून घ्या.