गळाच्या दोरीचे शेवटचे पंधरा फूट

श्रोतेहो, गाडीवानाच्या हातातला आसूड तुम्ही पाहिलाच असेल. मुठीकडे तो जाड, पुढे निमुळता, टोकाला बारीक वादी. मनगटाने दिलेला हिसका पुढे सरकताना वेग घेत जातो तो या निमुळतेपणामुळे. दूर स्कॉटलंडात मासे धरणारे हाच नियम आपल्या गळाच्या दोरीला लावतात. तो कसा, ते पाहू.

तिथे स्पे नावाची नदी आहे. लांबी सुमारे १७२ किलोमीटर, पाणी थंड आणि ओढीचे. समुद्रातला सॅमन मासा अंडी घालायला तीत वर चढून येतो. त्याच्यासाठी गळावर पिसे बांधून नकली माशी करतात. ती इतकी हलकी, की स्वतःच्या भाराने लांब जात नाही. जड दोरीच तिला ओढून नेते. पण दोरी मागे झुगारावी, तर काठाला झाडी आणि चढ! म्हणून दोन हातांनी धरायची बारा-पंधरा फुटी काठी घ्यायची, दोरीचे टोक पाण्यावर टेकते ठेवायचे आणि मागे नुसता एक वळसा घेऊन पुढे फेकायचे, अशी रीत निघाली. हीच स्पे फेक.

जाड दोरी आणि माशी यांना जोडणारा धागा म्हणजे लीडर. फेकताना तो पाण्याला धरून राहतो, फेकीचा जोर माशीपर्यंत पोचवतो आणि जाड दोरी माशापासून दूर ठेवतो. पूर्वी तो घोड्याच्या केसांचा, पुढे रेशीमकिड्यापासून काढलेल्या तातीचा करीत. १९३८ साली नायलॉन जाहीर झाले आणि पुढे त्याने या दोन्हींची जागा घेतली.

आता घरी करायचा कसा? हिशेब सोपा आहे. एकूण लांबीचे पाच भाग धरा. तीन भाग जाड, एक मध्यम, एक बारीक. पंधरा फुटांचा लीडर असेल, तर नऊ फूट सुमारे ०.५५ मिलिमीटर जाडीचा, तीन फूट ०.४५ चा आणि शेवटचे तीन फूट ०.३७ चा धागा. जाडीत एकदम मोठा फरक नको. गाठ निसटते आणि जोरही तिथेच अडतो. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करावी. कोरडा नायलॉन घासला की तापतो आणि कच्चा होतो. मग ओढून पाहावे. तुटायची ती गाठ घरीच तुटलेली बरी. जाड टोकाला फास करून तो दोरीला अडकवला, की झाले.

सर्वांत कच्चा भाग टोकाशीच हवा, बरं का. गळ दगडात अडकला, तर तेवढाच तुकडा जातो. पण टोक फार बारीक ठेवण्यात शहाणपण नाही. २०२३ साली ब्रिटनमधला सॅमन संकटग्रस्त माशांच्या यादीत गेला. स्पेवर पकडलेले बहुतेक सॅमन आज परत पाण्यात सोडतात. धागा नाजूक असला, की मासा जपून, हळूहळू ओढावा लागतो. तो झुंजून थकतो आणि सोडल्यावरही जगेलच असे नाही. धागा मजबूत असला, तर तो लवकर हाती येतो आणि लवकर सुटतो.

कापलेले तुकडे मात्र काठावर टाकू नयेत. नायलॉन लवकर कुजत नाही. पाखरांचे पाय त्यात गुंततात. ते खिशात घालून घरी न्यावेत. लीडर करण्याच्या कामातच हेही काम येते.