बंदुकीचा 'बोअर' म्हणजे काय?

छऱ्याच्या बंदुकीचा 'बोअर' (नळीच्या आतल्या रुंदीचे माप) जितका मोठा तितकी नळी रुंद, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात उलट आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या आणि त्यांतली एक नळीत नेमकी बसली, तर ती 12 बोअर. तेवढ्याच पिठाचे जास्त लाडू वळले की प्रत्येक लाडू लहान होतो, तसेच हे. म्हणून 12 बोअरची नळी सुमारे 18.5 मिलिमीटर, तर 20 बोअरची 15.6. परदेशात माळरानावर पाखरांमागे दिवसभर चालणारे शिकारी हलकी 20 बोअर पसंत करतात. मात्र तितकाच छर्रा उडवताना हलकी बंदूक खांद्याला जास्त धक्का देते. भारतात, उदाहरणार्थ दुसरबीड गावाच्या शिवारातल्या तित्तराला, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. बंदुकीचा परवाना असला, तरी त्याची शिकार गुन्हाच ठरते.