जुळणारा दाता मिळाल्यानंतर

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने रक्ताचा कर्करोग (ल्युकेमिया) झालेल्या एका मुलीवर भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे हाडांच्या पोकळीतील रक्त तयार करणाऱ्या मऊ गराचे रोपण, केले. बहुतेक मुलांचा ल्युकेमिया औषधांनीच आटोक्यात येतो. मात्र तो उलटला किंवा औषधांना दाद देईनासा झाला, की सर्व रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूलपेशी दात्याकडून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी एचएलए ही पेशींवरील ओळखचिन्हे जुळावी लागतात. सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्केच असते. आईवडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशीही आता चालत असल्याने ही अडचण बरीच सैलावली असली, तरी खरी विषमता त्यापुढे सुरू होते, कारण प्रत्यारोपणानंतर संसर्गाच्या भीतीने मुलाला काही महिने रुग्णालयाजवळच ठेवावे लागते आणि तेवढा काळ आईवडिलांपैकी एकाची तरी मजुरी बुडते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या कुटुंबांना आसरा देते, ही मोठीच गोष्ट आहे; परंतु उकळलेले पाणी, ताजे अन्न आणि गर्दीपासून दूर असलेली खोली हा उपचाराचाच भाग असताना, तो खर्च बहुतांशी कुटुंबावर किंवा देणगीदारांवरच पडतो.