स्त्रीभूमिकेचे दोन दरबार

पुरुषानें लुगडें नेसून रंगमंचावर यावें आणि प्रेक्षकांनीं माना डोलवाव्या, ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाहीं. दीर्घ काळ तीच रूढि होती. नवल इतकेंच कीं, या सोंगाच्या वाट्याला एका दरबारांत हेटाळणी आली व दुसऱ्यांत पूजा.

आरंभ सोलापुरापासून करणें योग्य. उत्तर पेशवाईंतील तमाशांत ढोलकी-तुणतुण्याच्या साथीवर पायांत चाळ बांधून नाचे तो ‘नाच्या पोऱ्या’, म्हणजे स्त्रीवेषांतला मुलगा. अशाच फडाच्या नादापायीं सोलापूरचे शाहीर राम जोशी यांस ब्राह्मणी घर सोडावें लागलें. धोंडी शाहिराच्या फडासाठीं त्यांनीं लावण्या रचल्या; पुढें संस्कृत विद्या संपादिली, कीर्तनेंहि केलीं, परंतु तमाशाची ओढ सुटली नाहीं. पंडित कवीची ही कथा, मग नाचणाऱ्या पोराला कोण विचारतो!

१८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें आणि हेंच सोंग सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत मानानें शिरलें. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्यानें तें गाजविलें. १९०५ नंतर नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, यांनीं त्याला कळस चढविला. १२ मार्च १९११ रोजीं, ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच, त्यांची लहान मुलगी वारली, तरी त्यांनीं भामिनी उभी केली. १९१३ त गंधर्व नाटक मंडळी निघाली. ज्या घरांतील मुलीला रंगभूमीचें नांव काढण्याची सोय नव्हती, त्याच घरांतील स्त्रिया शालू कसा नेसावा, अंबाड्यावर फुलें कशीं माळावीं, हें एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या! ‘एकच प्याला’ (१९१९) मधील सिंधूसाठीं मात्र बालगंधर्वांनीं शालू टाकून फाटकें लुगडें नेसलें. आणि तिच्या दुःखानें प्रेक्षागृहें रडलीं.

बोलपट आले, १९३३ त ‘आंधळ्यांची शाळा’मध्यें स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या. १९३५ त ‘धर्मात्मा’ बोलपटांत बालगंधर्व एकनाथ झाले, पण लोकांना हवी होती ती भामिनीच.

तमाशांत तर बायका त्यापूर्वींच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, आल्या होत्या. स्त्रीवेष गेला, तरी बायकी हावभावांचा ‘नाच्या’ विनोदापुरता उरला. मराठी चित्रपटांत तो कोल्हापूरच्या गणपत पाटलांनीं अजरामर केला. बालगंधर्वांना १९६४ त पद्मभूषण मिळालें. संसारी, मुलाबाळांच्या धनी असलेल्या पाटलांना मात्र २००८ त मृत्यु येईपर्यंत लोक पडद्यावरच्या त्या नाच्यावरूनच ओळखत आणि चिडवीतहि असत.