शहाबादी फरशीच्या पोटातलं युरेनियम

आपल्या ओसरीवर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर जी शहाबादी फरशी असते, त्याच चुनखडीच्या थरांत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात युरेनियम सापडलं. गाव गोगी, आजच्या यादगीर जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातलं. विजापूरच्या पहिल्या आदिलशाही सुलतानांच्या कबरींमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते आधीपासून ठाऊक होतं.

भीमाशंकरला उगम पावून पंढरपूरवरून पुढे जाणाऱ्या भीमेचंच नाव या खडकांना मिळालं आहे. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली दक्षिण मराठा मुलखाच्या भूगर्भावर ग्रंथ लिहिला, त्यात या थरांचं वर्णन आहे. युरेनियमचा शोध तेव्हा कुणालाच घ्यायचा नव्हता. १९४९ साली देशात अणुखनिजांचा पद्धतशीर शोध सुरू झाला, १९५१ साली जादुगुडा इथलं युरेनियम सापडलं. भीमा खोऱ्याची पाळी त्यानंतर चार दशकांनी आली.

इथली रचना मोठी बोलकी आहे. तळाशी सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचा ग्रॅनाइट, त्यावर वाळूखडक, शेल आणि चुनखडी; उत्तरेकडे हे सगळं आपल्या दख्खनच्या काळ्या बेसॉल्टखाली गडप होतं. गोगीजवळून पूर्व-पश्चिम असा लांबच लांब भ्रंश गेला आहे. त्या तडाख्यात चुनखडी आणि ग्रॅनाइट दोन्ही चिरडले. ग्रॅनाइटमध्ये विखुरलेलं युरेनियम प्राणवायूयुक्त पाण्यात विरघळतं, भेगांमधून फिरतं आणि सेंद्रिय द्रव्य किंवा पायराइट भेटलं की तिथेच साकळतं. गोगीची पिचब्लेंड आणि कॉफिनाइट ही खनिजं अशी बसली आहेत.

हे उमगायला भूवैज्ञानिकांची वर्षं गेली. गॅमा किरण मोजणारं यंत्र घेऊन बांधाबांधानं फिरायचं, जिथे आकडा चढेल तिथे खूण करायची, मग विंधन. वर आलेला दगडाचा दांडा पेटीत ओळीनं मांडायचा. राखाडी चुनखडीच्या तुकड्यांमध्ये काळी शीर दिसली की यंत्र तिच्याजवळ धरून पाहायचं. जमिनीवर ना डोंगर ना विवर, नुसती तुरीची शेतं. सगळी कथा त्या दांड्यावर वाचायची.

पुढे प्रायोगिक खाणकाम झालं आणि पाण्याच्या, आरोग्याच्या काळजीनं गावकऱ्यांनी विरोध केला. त्या काळजीला भूगर्भाचाच आधार आहे. कठीण खडकाच्या मुलखात विहिरींना पाणी देतात त्या भेगाच, आणि गोगीचं युरेनियमही भेगांमध्येच बसलेलं आहे. नव्या ठिकाणी शोधाची पहिली खूण रोवतानाच आसपासच्या प्रत्येक विहिरीचं पाणी तपासावं, त्याचे आकडे त्या गावाच्या भाषेत चावडीवर लावावेत. खनिजाच्या नकाशाइतकाच पाण्याचा नकाशाही शोधाचा भाग मानला पाहिजे.